खुणांसकट अक्षर : प्रस्तावना

मराठी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत काम केलेल्या माणसांनी खुणावाली रोमन अक्षरं सर्वांत जास्त पाहिली ती मराठीच्याच फाइलींत. एका संगणकावर टाइप केलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला आणि तिथे नेमका तो फॉन्ट नसला, की पडद्यावर टोपी घातलेला ए, दोन टिंबांचा ओ, खाली शेपटी असलेला सी, मधूनच पौंडाची नाहीतर कॉपीराइटची खूण असं काहीतरी उमटायचं. लग्नपत्रिका असो की दिवाळी अंकातली कथा, गत सारखीच. फाइल करप्ट झाली, असं लोक म्हणायचे. खरं तर फाइल धडधाकट असायची. तिच्यात खरोखर तीच अक्षरं साठवलेली होती. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांनी पश्चिम युरोपातल्या अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. डोळ्यांना कान्या-मात्रा दिसत होत्या, यंत्राच्या लेखी मात्र तो फ्रेंच, स्पॅनिश आणि आइसलँडिक अक्षरांचा ढीग होता.

हे पुस्तक त्या अक्षरांविषयी आहे. ती संगणकात कशी साठवली जातात, कशी टाइप केली जातात, आणि इतकी वर्षं झाली तरी पाकिटांवर, तिकिटांवर, ग्रंथालयांच्या सूचींत ती अजून का मोडतात, ते इथे सांगायचं आहे. जर्मन किंवा फ्रेंच शिकणारे विद्यार्थी, अनुवादक, डीटीपी करणारे, ग्रंथपाल आणि संस्कृत-प्राकृताचे अभ्यासक असा वाचक डोळ्यांपुढे आहे. प्रस्तावनेपुरती मी रोमन अक्षरं देवनागरीत बोलूनच दाखवणार आहे. पुढच्या प्रकरणांत ती प्रत्यक्ष छापलेली सापडतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते. खूण ही अक्षराचा अवयव आहे की अक्षरावर दिलेली वेगळी सूचना, याचं उत्तर प्रत्येक भाषेने आपापलं दिलं आहे. स्वीडिश माणसाला विचारा: वर वर्तुळ असलेला ए, दोन टिंबांचा ए आणि दोन टिंबांचा ओ ही तीन स्वतंत्र अक्षरं आहेत, वर्णमालेत झेडच्याही पुढे त्यांची जागा आहे, आणि शब्दकोशात त्यांचे शब्द तिथेच शोधायचे. जर्मन शब्दकोशात मात्र तोच दोन टिंबांचा ए साध्या एबरोबरच लावलेला असतो. स्पॅनिशमध्ये टिल्ड ही नागमोडी रेघ घेतलेला एन हे स्वतंत्र अक्षर; पण तिरपी रेघ घेतलेला ई स्वतंत्र नाही, ती रेघ फक्त आघात कुठे आहे ते सांगते. एकाच लिपीत, कधी एकाच भाषेत, दोन्ही उत्तरं नांदतात. माणसांना याचा कधीच त्रास झाला नाही. यंत्राला मात्र एक तक्ता हवा होता, तक्त्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक हवा होता, आणि तक्ता आखताना जे लोक टेबलाशी बसले होते त्यांच्या भाषेचं उत्तर साऱ्या जगाला लागू झालं. या विषयातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्या एका घटनेतून निघाली आहे, असं माझं ठाम मत आहे. तिच्याकडे निव्वळ तांत्रिक बिघाड म्हणून पाहणं मला मान्य नाही.

पहिला तक्ता अमेरिकेचा. आस्की हे त्याचं नाव. १९६३ मध्ये तो आला आणि १९६७ मध्ये सुधारला गेला. सात बिट, म्हणून १२८ क्रमांक. त्यांतले ३३ यंत्राला हुकूम देण्यासाठी, उरलेल्या ९५ मध्ये रिकामी जागा, अंक, विरामचिन्हं आणि इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं. खुणांचा विचार अगदीच केला नव्हता असं नाही. सुधारित आस्कीत टोपी, टिल्ड आणि डावीकडून उतरणारी तिरपी रेघ या खुणा सुट्या घेतल्या होत्या. कल्पना अशी, की आधी अक्षर छापायचं, मग एक जागा मागे यायचं आणि त्याच अक्षरावर खूण मारायची. कागदावर हे जमत होतं. कागदाच्या जागी काचेचा पडदा आला, तिथे मागे येऊन दुसरं काही लिहिलं की आधीचं पुसलं जायचं. योजना तिथेच संपली आणि त्या खुणा कीबोर्डवर निराधार उरल्या. पुढे प्रोग्रामरांनी त्यांना आपापली कामं दिली.

युरोपने मग तात्पुरता मार्ग काढला. आंतरराष्ट्रीय मानकाने सांगितलं, की तक्त्यातल्या काही थोड्या जागांवर प्रत्येक देशाने आपली अक्षरं बसवावीत. चौकोनी आणि महिरपी कंस, उभी रेघ, उलटी तिरपी रेघ यांच्या जागा अशा दिल्या गेल्या. जर्मनांनी तिथे आपली दोन टिंबांची उमलाउट अक्षरं बसवली, स्वीडनने आपली तीन अक्षरं, डेन्मार्क-नॉर्वेने आपली. परिणाम दोन्ही बाजूंनी भोगावा लागला. स्वीडनमधल्या प्रोग्रामरला सी भाषेतला प्रोग्राम पडद्यावर दिसायचा तो महिरपी कंसांच्या जागी टिंबांचे आणि वर्तुळांचे ए घेऊन. आणि त्याचं स्वतःचं नाव अमेरिकी यंत्रावर गेलं, की नावाच्या मध्येच कंस किंवा उभी रेघ उगवायची. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात कंसांसाठी तीन-तीन चिन्हांचे पर्याय द्यावे लागले, त्यामागे हीच अडचण होती.

आठवा बिट वापरायला लागल्यावर जागा दुप्पट झाली, २५६. आता सगळ्यांचं भागेल असं वाटलं, पण प्रत्येक कंपनीने वरच्या १२८ जागा आपल्या मर्जीने भरल्या. फ्रेंचमधला उजवीकडे चढत्या रेघेचा ई घ्या. १९८१ च्या आयबीएम पीसीवर त्याचा क्रमांक १३०, ॲपलच्या मॅकिंटॉशवर १४२, आणि १९८७ मध्ये आलेल्या लॅटिन-१ या आंतरराष्ट्रीय मानकात २३३. पॅरिसमधल्या एकाच कचेरीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेली फाइल वाचता येईना, याला एवढं कारण पुरेसं होतं. आजही विंडोजवर ऑल्टची कळ दाबून अंकांच्या कळांवर १३० टाइप केलं तर तो ई येतो, आणि ०२३३ टाइप केलं तरी तोच येतो. पहिला क्रमांक १९८१ च्या तक्त्याचा, दुसरा नंतरच्या तक्त्याचा. दोन्ही एकाच यंत्रात अजून जिवंत आहेत.

लॅटिन-१ हा तक्ता नीट पाहण्यासारखा आहे, कारण कोण आत आलं आणि कोण बाहेर राहिलं ते त्यात उघड दिसतं. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी तो बनवला, तरी फ्रेंचला लागणारा ओ आणि ई यांचा जोड त्यात नाही. अक्षरांच्या रांगांमध्येच २१५ आणि २४७ या क्रमांकांवर मात्र गुणाकार आणि भागाकार यांच्या खुणा बसल्या आहेत. फ्रेंचमध्ये हृदय, डोळा, बहीण या शब्दांत तो जोड येतो. इतक्या रोजच्या वापरातल्या अक्षराला मानकांच्या या मालिकेत जागा मिळायला १९९९ उजाडलं, आणि तीही वेगळ्या तक्त्यात. पोलिश, चेक, हंगेरियन यांच्यासाठी लॅटिन-२ हा निराळाच तक्ता. तुर्कस्तानची अक्षरं बसवायची म्हणून तिसऱ्या एका तक्त्यात आइसलँडची सहा अक्षरं काढून त्यांच्या जागी तुर्की सहा घातली. म्हणजे एकाच साध्या मजकुरात इस्तंबूल आणि रेक्याविक या दोन्ही शहरांतल्या माणसांची नावं बरोबर लिहिण्याची सोय त्या तक्त्यांत नव्हती.

तुर्कीची गोष्ट आणखी पुढे जाते. १९२८ च्या लिपी-कायद्याने तिथे आयची दोन अक्षरं ठरली, टिंबाचा आणि बिनटिंबाचा. टिंबाच्या लहान आयचं मोठं रूपही टिंबाचंच. इंग्रजीत लहान आयचं मोठं रूप बिनटिंबाचं असतं, आणि असंख्य प्रोग्राम ते गृहीत धरून लिहिलेले. तुर्की भाषा निवडलेल्या संगणकावर असे प्रोग्राम स्वतःच्याच आज्ञांची नावं ओळखेनासे होतात.

पण तक्त्यांच्या या खटाटोपात सर्वांत कठीण परीक्षा झाली ती व्हिएतनामी भाषेची. या पुस्तकात तिला सर्वांत मोठं प्रकरण दिलं आहे, आणि ते मुद्दाम. व्हिएतनामी रोमन लिपीत लिहिली जाते, कारण सतराव्या शतकात तिथे गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी, आधी पोर्तुगीज फ्रान्सिस्को द पिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ती तशी लिहायला सुरुवात केली. आलेक्सांद्र द रोद यांचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला आणि त्या लेखनाला पक्का आधार मिळाला. हे द रोद १६१९ मध्ये लिस्बनहून निघून गोव्यात आले होते आणि पुढे पूर्वेकडे जाण्यापूर्वी तिथे राहिले होते. त्याच वर्षी गोव्यात त्यांच्याच जेझुइट संघातले थॉमस स्टीफन्स वारले. स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं तेव्हा देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून ते मराठी काव्य रोमन अक्षरांत निघालं. मराठीचे ध्वनी रोमन अक्षरांत पकडण्याची खटपट आणि व्हिएतनामी सूर त्याच अक्षरांत पकडण्याची खटपट, दोन्ही जवळपास एकाच काळात, एकाच संघातल्या माणसांनी केल्या. मराठी पुढे आपल्या लिपीत छापली जाऊ लागली. व्हिएतनामीने रोमन लिपी कायमची स्वीकारली.

तिच्यात स्वर बारा, आणि प्रत्येक स्वर सहा सुरांत येऊ शकतो. स्वराची ओळख सांगणारी खूण एक आणि सूर सांगणारी दुसरी. एका अक्षरावर दोन-दोन खुणा चढतात. हिशेब मांडला तर आस्कीत नसलेली लहान-मोठी मिळून १३४ अक्षरं लागतात. आठ बिटांच्या तक्त्यात वरच्या जागा आहेत १२८. सहा अक्षरं उरतात. १९९२ च्या व्हिस्की नावाच्या तक्त्याने ही सहा मोठी अक्षरं हुकुमांसाठी राखलेल्या जागांत बसवली, कमीत कमी नडतील अशा जागा निवडून. दुसऱ्या एका पद्धतीत मोठ्या अक्षरांसाठी वेगळा फॉन्टच ठेवला. मजकुराचा फॉन्ट बदलला की शीर्षकातली मोठी अक्षरं लहान व्हायची. मायक्रोसॉफ्टने सूर सुटे ठेवून स्वर आधीच जोडलेले घेतले. एकाच देशात अनेक तक्ते, आणि एका कचेरीची फाइल दुसरीत उघडेना. २००१ मध्ये व्हिएतनामने युनिकोडवर आधारलेलं राष्ट्रीय मानक काढलं, तिथून हा गुंता सुटायला लागला.

टंकनाच्या बाजूने मात्र व्हिएतनामी लोकांनी जे केलं ते मला फार सुंदर वाटतं. टेलेक्स नावाची त्यांची पद्धत तारायंत्राच्या काळातल्या सवयींवर उभी आहे. ए दोनदा दाबला की टोपीवाला ए येतो, डी दोनदा दाबला की आडव्या रेघेचा डी. सुरांसाठी एस, एफ, आर, एक्स आणि जे या कळा शब्दाच्या शेवटी दाबायच्या. यांतले एफ आणि जे व्हिएतनामी लेखनात लागतच नाहीत; एस, आर, एक्स शब्दाच्या आरंभी येतात, शेवटी कधी येत नाहीत. त्यामुळे शेवटी दाबलेली ती कळ म्हणजे सूरच, यात संशय उरत नाही. देशाच्या नावातला पहिला शब्द व्ही-आय-ई-ई-टी-जे असा दाबला, की खालचं टिंब आणि वरची टोपी आपापल्या जागी जाऊन बसतात. वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही. आपल्या भाषेच्या रचनेत कुठे मोकळी जागा आहे हे ज्यांना आतून माहीत होतं, त्यांनीच ही पद्धत घडवली.

युनिकोडची कल्पना १९८७-८८ मध्ये झेरॉक्सचे जो बेकर आणि ॲपलचे ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस यांनी मांडली. पहिली आवृत्ती १९९१ ची. जगातल्या सर्व लिप्यांना एकच तक्ता, हे तिचं वचन. पण जुन्या फाइली सुखरूप आत याव्यात म्हणून पहिले २५६ क्रमांक लॅटिन-१ चेच घेतले. त्यामुळे तिरप्या रेघेचा ई युनिकोडमध्येही २३३ आहे. शिवाय सुट्या खुणाही आहेत: साधा ई म्हणजे १०१, त्यामागोमाग ७६९ ही रेघ, की दिसतो तोच ई. दिसायला तिळमात्र फरक नाही, साठवण मात्र दोन प्रकारची. एकीत लिहिलेलं आडनाव दुसरीत शोधलं तर भोळं यंत्र सांगतं, असा माणूस नाही. मॅकच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत फाइलींची नावं सुटी करून ठेवली जात. ती फाइल दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरवर गेली, की एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी दिसत आणि त्यांत कोणती खरी ते डोळ्यांनी सांगता येत नसे. यावर युनिकोडने उपाय दिला आहे: तुलना करण्यापूर्वी दोन्ही मजकूर एका रूपात आणायचे, सगळे जोडून किंवा सगळे सुटे करून. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते करायला मात्र हवं.

मराठी वाचकाने हे परक्यांचं दुखणं समजू नये. तऱ्हा, दऱ्या, वाऱ्यावर या शब्दांतला ऱ युनिकोडमध्ये २३५३ या एका क्रमांकाने साठवता येतो, आणि २३५२ हा साधा र व त्यामागे २३६४ हा नुक्ता असाही साठवता येतो. एखाद्या शब्दसूचीत 'तऱ्हा' शोधून सापडला नाही, तर शब्द नाही असं मानण्याआधी हे तपासावं. बाकी देवनागरीत आपण सुट्या खुणांच्याच बाजूचे आहोत. युनिकोडमधली देवनागरी १९८८ च्या इस्की या भारतीय तक्त्यावरून घेतली आहे, आणि तिच्यात आधी व्यंजन, मागून मात्रा, असा क्रम आहे. 'की' ला स्वतंत्र क्रमांक नाही आणि कोणी तो मागितलाही नाही. फ्रेंच ईला जोडलेला क्रमांक मिळाला तो लॅटिन-१ च्या वशिल्याने. नायजेरियाच्या योरुबा भाषेत खाली टिंब आणि वर सुराची रेघ घेणारा ई रोज लागतो. त्याला असा एक क्रमांक नाही, तो तुकड्यांनीच जुळवावा लागतो. तत्त्वतः यात कमीपणा काही नाही. व्यवहारात मात्र फॉन्ट करणारे आधी जोडलेल्या अक्षरांकडे लक्ष देतात, आणि योरुबाची रेघ कित्येक फॉन्टांत तिरकी किंवा टिंबापासून भलतीकडे पडते.

रुमानियाचंही असंच. तिथे एस आणि टीखाली स्वल्पविराम हवा. सुरुवातीच्या युनिकोडमध्ये शेपटीचीच अक्षरं होती. १९९९ मध्ये स्वल्पविरामाची वेगळी दिली गेली, तोवर लाखो पानं शेपटीने लिहून झाली होती.

क्रमांक ठरला तरी तो बाइटांत कसा लिहायचा हा प्रश्न उरतो. आज बहुतेक सर्वत्र चालणारी यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. तिच्यात साधी इंग्रजी अक्षरं एका बाइटची, तिरप्या रेघेचा ई दोन बाइटांचा, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. त्या ईचे दोन बाइट म्हणजे १९५ आणि १६९. वाचणाऱ्या यंत्राने त्यांना लॅटिन-१ समजलं, तर टिल्ड घेतलेला मोठा ए आणि कॉपीराइटची खूण अशी जोडी दिसते. ही जोडी कुठे दिसली, की मजकूर बरोबर आहे आणि वाचण्याची रीत चुकली आहे हे लगेच ओळखावं. शोधून-बदलून दुरुस्त करत बसू नये, त्याने खरोखरच नुकसान होतं. मोबाइलच्या संदेशांचा हिशेब आणखी वेगळा: त्यांच्या मूळ सात-बिटी तक्त्यात चढत्या रेघेचा ई आहे, पण त्याच रेघेचा ए नाही. पोर्तुगीज माणसाने तो ए एकदा लिहिला, की १६० अक्षरांचा संदेश ७० वर येतो. मराठी संदेशाची मर्यादाही तीच ७० आहे.

आता बोटांविषयी. टाइपरायटरवर खुणेची कळ दाबली की खूण उमटायची, पण गाडा सरकत नसे. मग अक्षर दाबायचं. तीच डेड की संगणकावर आली. म्हणून हाताचा क्रम आधी खूण, मग अक्षर. युनिकोडच्या साठवणीचा क्रम आधी अक्षर, मग खूण. मराठी टंकलेखकांना हे नवं नाही: रेमिंग्टनवर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबायची, आणि संगणक ती व्यंजनानंतर साठवतो. मॅकवर ऑप्शनसह ई दाबला की रेघ तयार होते आणि पुढचं अक्षर ती घेतं; २०११ पासून कळ दाबून धरली तरी पर्यायांची पट्टी उघडते, फोनवर उघडते तशीच. लिनक्सवर कम्पोझ कळ आहे, आणि माझ्या मते शिकायला ती सर्वांत सोपी. विंडोजवर अमेरिकी-आंतरराष्ट्रीय कीबोर्ड निवडावा. फक्त त्यात अवतरणचिन्हाची कळ डेड की होते, हे इंग्रजी लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावं. फ्रान्समध्ये नेहमीच्या कीबोर्डवर खुणांची मोठी अक्षरं सरळ मिळत नसल्याने कित्येकांचा समज झाला, की मोठ्या अक्षरांवर खुणा द्यायच्याच नसतात. फ्रेंच अकादमी नेमकं उलट सांगते. २०१९ मध्ये तिथे नवं कीबोर्ड-मानक आलं, ते मुख्यतः यासाठी.

कीबोर्डवरून देशाने भांडण काढलं ते स्पेनने. टिल्डचा एन नसलेले कीबोर्ड विकायला तिथे मनाई होती. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने तिला व्यापारातला अडथळा ठरवलं, तेव्हा लेखक आणि स्पॅनिश अकादमी खवळून उठले. १९९३ मध्ये स्पेनने मास्ट्रिख्त करारातल्या संस्कृतीविषयक कलमाच्या आधाराने ती अट कायम ठेवली. एका अक्षरासाठी एवढं करावं का, असं विचारणाऱ्यांनी स्पॅनिशमध्ये वर्ष हा शब्द त्या टिल्डशिवाय लिहून पाहावा. वयाचा प्रश्न विचारता येणार नाही. पासपोर्टाच्या तळाशी असलेल्या यंत्रवाचनाच्या दोन ओळींत मात्र आजही फक्त २६ साधी अक्षरं चालतात, आणि जगातली सगळी खुणावाली नावं तिथे खुणा उतरवून ठेवतात.

शेवटचं प्रकरण संस्कृत आणि मराठी रोमनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पाठ जपानमध्ये मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर उतरवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. युनिकोड सर्वत्र पोचण्याआधी अशा कामांसाठी अभ्यासकांनी स्वतःचे तक्ते केले होते. १९९० च्या व्हिएन्नातल्या जागतिक संस्कृत परिषदेतून निघालेला तक्ता त्यांतला प्रसिद्ध. आज सगळं युनिकोडमध्ये आहे, तरी निवड करावी लागतेच. संस्कृतासाठी रूढ पद्धतीत खाली टिंब दिलेला आर म्हणजे ऋ, आणि त्याला जोडलेला क्रमांक आहे. २००१ च्या आयएसओ १५९१९ मध्ये तेच अक्षर हिंदीतल्या नुक्त्याच्या ड साठी ठेवलं असून ऋ साठी खाली वर्तुळाचा आर आहे. तो तुकड्यांनी जुळवावा लागतो आणि सगळे फॉन्ट तो नीट दाखवत नाहीत. टिंबाचा एल संस्कृत पद्धतीत ऌ आहे, आयएसओत ळ. मराठी ग्रंथसूचीत ऌ क्वचितच लागतो आणि ळ पानोपानी, म्हणून या पुस्तकातली सगळी मराठी नावं आयएसओ १५९१९ प्रमाणे, शक्य तिथे जोडलेल्या रूपात लिहिली आहेत. त्यासाठी लागणाऱ्या कळांचा तक्ता त्याच प्रकरणात आहे.